बेटांचे संस्थान आणि गाण्याची पंचमी

औंध संस्थानाचा जुना नकाशा समोर घेतला की प्रथम संस्थान सापडतच नाही. सापडतात ते ठिपके. एक ठिपका औंधाभोवती, दुसरा कृष्णाकाठच्या मुलखात कुंडलजवळ, तिसरा पूर्वेला माणदेशात आटपाडीचा, आणि एक तर थेट विजापूरकडे, गुणदाळचा. मधली सगळी जमीन इंग्रजांची किंवा दुसऱ्या कोणा संस्थानिकाची. राजधानीतून आटपाडीच्या मामलेदाराकडे कागद पाठवायचा, तर तो परमुलखातून जायचा. बहात्तर गावे आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती एवढाच पसारा, आणि तोही असा फुटलेला. समुद्र दूर असलेल्या प्रदेशातली ही बेटेच म्हणायची. आज औंध सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. एकेकाळी ही गावे एका राज्याची होती, हे त्या गावांतल्या तरुणांनाही सांगावे लागते.

या बेटांवर विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत जे घडले, त्याची यादी मात्र मोठ्या संस्थानांना लाजवील अशी आहे. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ तीस वर्षे औंधातून वेदांचे ग्रंथ छापत होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचे बीज तिथले, आणि त्याची कथा लिहिणारे माडगूळकरही त्याच मुलखातले. १९३९ च्या जानेवारीत राजाने आपले अधिकार प्रजेच्या पंचायतींकडे सोपवणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्या मागे गांधीजींचा सल्ला, युवराज अप्पासाहेब पंतांची धडपड आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कळकळ होती.

आणि १९४० मध्ये औंधात एक गाण्याची बैठक सुरू झाली. वरच्या यादीत ती सहसा कोणी धरत नाही. पण संस्थान गेले, राजा गेला, छापखाना गुजरातेत पारडीला गेला, आणि ही बैठक मात्र अजून दर आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास भरते. कोजागिरी होऊन चार-पाच दिवस झालेले असतात, दिवाळीला आठवडा उरलेला असतो, खरिपाची कामे आवरत आलेली असतात, आणि औंधात तानपुरे जुळवले जातात. ऐंशीहून अधिक वर्षे. इतके सगळे बुडाले, त्यात हेच का तगले, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे आहे की ही बैठक कधी राजाच्या खुंटीला टांगलेलीच नव्हती.

हे उत्तर जरा विचित्र वाटेल, कारण औंधचे राजे कलावंतांचे राजे म्हणूनच प्रसिद्ध आहेत. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव, १९०९ साली गादीवर आले. स्वतः चित्रकार. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे त्यांची प्रेरणा आणि पैसा होता. सूर्यनमस्कारांचा त्यांनी इतका प्रचार केला की पुष्कळांना त्यांचे नाव तेवढ्यासाठीच ठाऊक असते. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली जे संग्रहालय उभारले, त्यात रवि वर्म्यांची चित्रे आहेत आणि हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे. मुंबईला ज्याचे नाव पोचायचे होते, तो शिल्पकार औंधात आधी पोचला असेही म्हणता येईल. महाराज कीर्तन करीत, तेही स्वतः उभे राहून. म्हणजे गाण्याला राजाश्रय होता, यात शंका नाही.

अंतूबुवा जोशी हे त्या राजाश्रयातलेच. अनंत मनोहर जोशी, जन्म १८८१, गाव किन्हई. कोरेगाव तालुक्यातले किन्हई हे पंतप्रतिनिधी घराण्याचेही मूळ गाव, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. गायक आणि राजा दोघांचीही मुळे एकाच लहानशा गावात. अंतूबुवा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात ज्यांनी आणून रुजवली त्या बाळकृष्णबुवांच्या शिष्यांत विष्णु दिगंबर पलुस्करांचे नाव सर्वांना माहीत असते. विष्णु दिगंबर लाहोरला गेले, विद्यालये काढली, देशभर फिरले. अंतूबुवांनीही मुंबईत गिरगावात विद्यालय चालवले, पण शेवटी औंधाला दरबारगायक म्हणून आले. पुढे त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. १९६७ साली ते वारले.

आता मुद्दा असा. दरबारगायक म्हणून अंतूबुवांनी उत्सव सुरू केला असता, तर तो दसऱ्याच्या दरबारात झाला असता, यमाईच्या नवरात्रात झाला असता, किंवा महाराजांच्या वाढदिवसाला. त्यांनी तो सुरू केला आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ. तिथी स्वामींची, निमंत्रण शिष्याचे. राजा होता तो श्रोत्यांत, यजमानाच्या जागी नव्हे. कागदोपत्री हा फरक बारीक दिसतो. पण त्या वर्षाचा विचार करावा. १९३९ च्या घटनेने खजिना पंचायतींच्या हाती गेलेला होता. राजाचा खर्च आता लोकांनी मंजूर करायचा होता. अशा वेळी दरबाराच्या जिवावर नवे काही सुरू करणे शहाणपणाचे नव्हतेच. अंतूबुवांनी हा हिशेब केला असेल असे मी म्हणत नाही. साधकाला गुरूची आठवण काढायला हिशेब लागत नाही. पण परिणाम हिशेबासारखाच झाला.

कारण पुढच्या आठ वर्षांत सगळे उलटेपालटे झाले. गांधीहत्येनंतर सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जाळपोळ झाली. सातवळेकरांनी ऐंशीच्या घरातल्या वयात औंध सोडले. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, बेटे आजूबाजूच्या जमिनीत मिसळून गेली. बाळासाहेब १९५१ साली निवर्तले. दरबारच उरला नाही तिथे दरबारी उत्सव कसा उरणार? अनेक संस्थानांतली गाणी अशीच एका रात्रीत बंद झाली. तानपुरे वाड्यांच्या माळ्यांवर गेले आणि गवई नभोवाणीच्या दारात उभे राहिले. स्वामींची तिथी मात्र पंचांगात होती. पंचांग विलीन होत नाही.

येथे औंध सोडून थोडे दक्षिणेला जाऊ. त्या काळी गवई जायचे त्याच रेल्वेने, पुणे-मिरज मीटरगेजने. या एका लोहमार्गाकडे आपल्या संगीताच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, अशी माझी तक्रार आहे. कोरेगाव स्टेशन म्हणजे किन्हई, रहिमतपूर म्हणजे औंध, कुंडल रोड म्हणजे किर्लोस्करवाडी, आणि शेवटी मिरज, जिथून हुबळी-धारवाडची वाट. ग्वाल्हेर आणि किराणा ही दोन घराणी या रुळांवरून एकमेकांना भेटली.

मिरजेला उस्ताद अब्दुल करीम खाँ आले ते ऐन प्लेगच्या दिवसांत. ते आजारी पडले, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि बरे झाले, अशी आख्यायिका मिरजेत आजही सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तिने केलेले काम खरे आहे. मूळचा उत्तरेतल्या कैराना गावचा हा गायक मिरजेचा झाला. दर उरुसाला दर्ग्यात गायचा. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमलकोइल स्टेशनावर त्यांनी देह ठेवला, आणि तिथून त्यांना आणले मिरजेला. दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी ही मंडळी तिथे गायली. त्या गाण्याला मिरजेत कोणी कार्यक्रम म्हणत नाही, ‘हजेरी’ म्हणतात. बिदागीचा विचार करून कोणी हजेरी लावत नाही.

मिरजही संस्थानच होते, पटवर्धनांचे. तेही गुणग्राहक. बाळकृष्णबुवा मिरजेला राहिले, विष्णु दिगंबरांचे शिक्षण मिरजेला झाले आणि १९३१ साली मृत्यूही मिरजेलाच. पण पटवर्धनांच्या दरबाराचे गाणे आज कुठे आहे? दर्ग्यातले आहे. औंधात जो प्रकार स्वामींच्या तिथीने झाला, तोच मिरजेत पिराच्या उरुसाने. उरुसाचा पहिला मानाचा गलेफ मिरजेत चर्मकार समाजाचा असतो, ही गोष्ट बाहेरच्यांना नवल वाटावी अशी. ज्या दर्ग्याचा मानपान असा विणलेला आहे, तिथे कैरान्याच्या उस्तादाची सभा आपसूक गावाची होते. तिला वेगळे निमंत्रण छापावे लागत नाही.

मिरजेत मात्र आणखी एक गोष्ट आहे, जी औंधात नाही. तिथे गाण्याच्या आधारावर जगणारी एक आळी आहे. सतारमेकर गल्ली. मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी देणारे, धार लावणारे कारागीर. इंग्रजी अमलात लढाया संपल्या आणि शस्त्रांचे काम सरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब या कारागिराने तंतुवाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली, आणि त्या हातांची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालली. या गल्लीलाही मी बेटच म्हणेन. व्यापारी पेठ, दवाखान्यांचे शहर आणि रेल्वेचे जंक्शन यांच्या मधोमध काही घरांची वस्ती, जिथे सकाळपासून तारा छेडल्याचा आवाज येतो.

तानपुरा होतो कसा, हे आपल्यापैकी गाणे ऐकणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसते, म्हणून थोडे सांगतो. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठचे. हा खाण्याचा भोपळा नव्हे. कडू असतो, आणि कडू असतो म्हणूनच किड्यामुंगीपासून टिकतो. तो वाळवायला महिने जातात. कापून आतून साफ करून त्याला आकारात बसवतात, त्यावर लाकडी तबली, मग दांडी. लाकूड बहुधा तुणीचे. हलके आणि नादाला चांगले. इथवरचे काम चांगल्या सुताराला शिकता येईल. पुढचे येत नाही. तबलीवर जी घोडी बसते, तिची वरची बाजू सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला डोळ्यांना कळू नये इतकी गोलाई असते. तार छेडली की ती या पृष्ठभागाला हलकेच घासत, पुसत सुटते. त्यातून मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर उठतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून ते उपस्वर जिथे फुलतात ती जागा शोधायची. याला जवारी म्हणतात. चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो कोणी लावलेलाच नसतो. वाजवता वाजवता तार घोडीत बारीक चर पाडते, गंधार विझतो, आणि मग पुन्हा कानस घेऊन जवारी काढावी लागते. मोजमाप नाही. कारागीर घासतो, ऐकतो, घासतो. एक फटका जास्त झाला की सगळे पहिल्यापासून.

अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत तरबेज होते, आणि मला वाटते मिरज आणि किराणा यांचे खरे लग्न इथे लागले. किराण्याची गायकी स्वराच्या मुक्कामावर उभी. एकेका स्वरावर थांबायचे तर मागचा तानपुरा खोटा चालत नाही. ज्या गल्लीत जवारी कळते त्या गल्लीजवळ राहायला असा गायक येणारच. आणि असा गायक दारात आला की गल्लीतल्या कारागिराचे कानही आणखी बारीक होणारच. याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींची गणिते मांडत होते, आणि क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी साताऱ्यात १९११ च्या सुमारास या अभ्यासासाठी संस्था काढली. प्रयोगांसाठी आवाज अब्दुल करीम खाँसाहेबांचा. देवलांच्या श्रुतींवर पुढे भातखंड्यांच्या गटाने झोड उठवली आणि विद्वत्तेच्या बाजारात ते हरले, हे मान्य. तरी सातारा-सांगलीच्या पट्ट्यात एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर, एक इंग्रज न्यायाधीश आणि एक उस्ताद स्वराच्या केसाएवढ्या अंतरावर वाद घालत बसले होते, ही गोष्ट मला त्या वादाच्या निकालापेक्षा मोठी वाटते.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बातम्या आल्या, सत्कार झाले. पण त्याच दिवसांत कोणत्याही गाण्याच्या क्लासात जावे: भिंतीला टेकवलेला तानपुरा गवसणीत आणि मोबाइलवरचा तानपुरा चालू. मोबाइलची जवारी उतरत नाही, हा त्याचा गुण आहे आणि दोषही. ज्याची जवारी उतरत नाही त्याला कारागिराकडे न्यावे लागत नाही. मानांकन नक्कल थांबवते. गिऱ्हाईक आणत नाही. म्हणून उरुसाची सभा त्या गल्लीला अजून महत्त्वाची आहे. मैफलीत खरे तानपुरे लागतात, दोन तरी, आणि तिथे बसलेल्या शंभर-दोनशे कानांना फरक कळतो.

औंधाकडे परत येऊ. तिथे तानपुरे होत नाहीत. गाणाऱ्यांवर पोट असलेले एकही घर नसेल. मग गावाला पंचमीचे काय? हा प्रश्न उत्सवाच्या कौतुकपर लेखांत कोणी विचारत नाही. मुंबई-पुण्याचे रसिक गाड्या करून येतात, रात्र जागतात, पहाटेचा राग ऐकून परततात आणि ‘काय ते वातावरण!’ म्हणतात. गाव त्यांच्यासाठी वातावरण असते.

मला स्वतःला यात अंतूबुवांपेक्षा त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांचे काम निर्णायक वाटते. जन्म १९११. वडिलांकडून ग्वाल्हेर घेतले आणि तिथेच थांबले नाहीत. रामकृष्णबुवा वझे, जयपूरचे भूर्जी खाँ, आग्र्याचे विलायत हुसेन खाँ, सगळ्यांकडे गेले. शिवाय व्हायोलिन, असे की त्यांना गवई म्हणावे की वादक याचा लोकांना पेच पडे. शिवाय लयीचे असे ज्ञान, की तबलजींनीही त्यांच्याकडे शिकावे. नभोवाणीत नोकरी केली, मुंबईच्या बाजूला राहिले. अशा माणसाला वडिलांनी सुरू केलेली खेड्यातली बैठक सहज मुंबईत आणता आली असती. सभागृह मिळाले असते, तिकिटे खपली असती, वर्तमानपत्रांत परीक्षणे आली असती. पुण्यात भीमसेन जोशींनी १९५३ पासून आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला, तो वाढता वाढता मैदानात गेला. खुंटी तीच, गुरूच्या स्मरणाची. पण सवाई गंधर्वांची तिथी शहरात होती, म्हणून शहराएवढी वाढली. शिवानंद स्वामींची तिथी औंधात आहे. गजाननबुवांनी ती तिथेच ठेवली, आणि शिष्यांना तिथे नेले. उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर आणि बुवांच्या नाती अपूर्वा गोखले व पल्लवी जोशी यांच्या पिढीला औंध हे एक वार्षिक कर्तव्य म्हणून मिळाले. १९८१ मध्ये शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठान स्थापन झाले, म्हणजे १९८७ साली बुवा गेल्यावर उत्सव निराधार होऊ नये याची तजवीजही झाली होती.

या नेण्या-आणण्यातून गावाला काय मिळाले? रोजगार नाही. पर्यटन म्हणावे तर संग्रहालयाला वर्षभर येणारी शाळांची सहल त्याहून मोठी. मिळाली ती ऐकण्याची सवय, आणि तीही वेगळ्या वाटेने. खटाव-माणच्या या बाजूला गाणे म्हणजे भजन आणि कीर्तन. ख्याल त्या मानाने परका. पण कीर्तनाच्या श्रोत्याला दोन गोष्टी पक्क्या येतात: रात्रभर बसणे, आणि समेची वाट पाहणे. औंधात महाराजांच्या कीर्तनांनी ती मशागत आधीच केलेली होती. त्यामुळे विलंबित एकतालात समेवर येणाऱ्या गायकाला मागच्या रांगेतल्या पटकेवाल्याकडून जी मान हलते, ती रागाचे नाव ठाऊक असल्याची खूण नसते. गायकही हे ओळखून असतात. शहरात राग दाखवावा लागतो. औंधात गाऊन चालते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज औंधातल्या तरुणाला पंचमीला गावातच राहण्याचे काही कारण नाही. शिकलेला पुण्यात, न शिकलेला पुण्याच्या कारखान्यात. प्रतिष्ठानाचे काम पाहणारेही बहुतेक बाहेरचे. म्हणजे ज्या उत्सवाचा यजमान एक गाव होते, त्याचे यजमान आणि पाहुणे दोघेही आता एकाच रस्त्याने मुंबई-पुण्याहून येतात, आणि गाव मध्ये जागा देते, बाजूला उभे राहून ऐकते. यात वाईट काही नाही. पण हे १९४० चे नाते नव्हे. ते टिकवायचे तर बाहेरून येणाऱ्या शिष्यांबरोबर औंधाच्या शाळेतली दोन मुले तानपुऱ्यावर बसली पाहिजेत. गायला नव्हे, नुसती तानपुऱ्यावर. चार तारा सारख्या छेडत दीड तास बसणे हे गाण्याचे पहिले शिक्षण आहे, आणि ते घ्यायला गळा लागत नाही. मिरजेच्या गल्लीत ते मुलाला जन्मतःच मिळते.

आश्विन वद्य पंचमी यंदाही येईल. रहिमतपूर स्टेशनावर उतरले तर पुढे औंधापर्यंत एसटी मिळते; रात्रीच्या गाण्याला जाणाऱ्याने परतीच्या पहिल्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवावी.